सकाळची परीक्षा बंद करणाऱ्या बाई

डॉ. कुमुदबाईंच्या विभागात मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा झोप, मनावरचा ताण आणि स्मृतिभ्रंश यांवरचे त्यांचे लेख टाइप करणं हेच माझं काम होतं. 'स्मृतिभ्रंश' शब्द आला की माझी बोटं अडखळत. एक दिवस बाईंनी विचारलं, "घरी कुणाला आहे का गं?" मी रडूच लागले.

माझे वडील गिरणीत कायम रातपाळीला. गिरणी बंद पडली आणि ते नावं विसरू लागले, पेटत्या स्टोव्हवर दूध ठेवून बाहेर जाऊ लागले. त्यांना गावी काकांकडे ठेवायचं जवळजवळ ठरलं होतं. आईनं त्यांची ट्रंकसुद्धा पुसून ठेवली होती.

माणसाला दवाखान्यात न बोलावता त्याच्या घरी जाऊन बसायचं, ही बाईंची संशोधनाची रीत. त्या रविवारी कांजूरमार्गला आमच्या खोलीवर आल्या. दादानं लगेच रोजचा तास सुरू केला. "बाबा, माझं नाव काय? आज वार कुठला?" उठल्याबरोबर आम्ही सगळेच त्यांना असं विचारायचो. त्यानं डोकं शाबूत राहतं अशी आमची ठाम समजूत! बाबांची निम्मी उत्तरं चुकली.

बाईंनी एवढंच विचारलं, "रात्री झोपता का हो?"

"झोपान कसा चलतला?" बाबा म्हणाले, "सकाळी परीक्षा आसता."

रात्रभर ते नातवंडांची नावं घोकत पडून राहायचे. बाईंना हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. दादाला त्या म्हणाल्या, "अरे, तुझी शाळा आजपासून बंद. त्यांना कधीही झोप लागो, उठवायचं नाही."

मात्र त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. कित्येक महिने त्या येत राहिल्या, तपासण्या करत राहिल्या. बाबांना झोप लागू लागली, तशी नावंही आठवू लागली. मग एकदा म्हणाल्या, "हा स्मृतिभ्रंश नाही. झोप उडाली होती आणि काळजीनं पोखरलं होतं." आईनं ट्रंक माळ्यावर टाकली. बाबांनी हळूच विचारलं, "मगे मी पास झालंय?"

"परीक्षाच रद्द झाली," बाई म्हणाल्या.

सगळ्याच घरी असं सुटकेचं उत्तर नव्हतं. बोरीवलीच्या एका आजींना खराच स्मृतिभ्रंश होता. तिथेही बाई जात. दुपारी स्वतः आजींजवळ बसत आणि थकलेल्या सुनेला आत निजायला पाठवत. "हाही अभ्यासच," असं आम्हा सहकाऱ्यांना सांगत. आम्हाला ते पटायचं नाही. ती निव्वळ माया होती.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि दुसऱ्यांना दिली तशी गाढ झोपही. बाबांचाही निरोप आहे, "बाईंका सांग, तुमी पण जरा झोपा." एवढं सांगून ते आडवे झाले. भर दुपारी, मी हे लिहीत असताना, पलीकडे घोरताहेत. त्यांना कुणी उठवत नाही.