मुदत न घातलेली शपथ

नागप्पा शहाणा माणूस. मुरुमजवळच्या त्या गावात भांडण झालं की लोक आधी त्याच्या ओट्यावर यायचे. या शहाण्यानंच गावाचं वाटोळं केलं, आणि तेही चांगल्या मनानं.

सत्तेचाळीस साली रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या, तेव्हा त्यानं वीस तगडे गडी निवडून राखणदल उभं केलं. हणमंतप्पा त्यांचा म्होरक्या. निजामाच्या कचेरीत चुगली गेली तर सगळेच मरणार, म्हणून नागप्पानं महादेवाच्या देवळात घरटी एक पुरुष बोलावला आणि प्रत्येकाला शपथेचा बेल-भंडारा उचलायला लावला. गावातली गोष्ट कचेरीत न्यायची नाही. कुठवर, ते मात्र कुणीच ठरवलं नाही.

वर्षभरानं निजामाचं राज्य गेलं, रझाकार पांगले. राखणदल तेवढं उरलं. मग ते आठवडी बाजार राखू लागलं. राखणीचा वाटा म्हणून कुणाची मिरची उचलली, कुणाची शेळी सोडून नेली. गाव मिठाची गुळणी धरून बसलं.

नागप्पाचा मुलगा मल्लिकार्जुन एकदाच म्हणाला, "आमची मिरची आमी राखतो." हणमंतप्पानं भर बाजारात त्याच्या डोक्यात काठी घातली. नागप्पा चार पावलांवर उभा होता. दिवस मावळायच्या आत मुलगा गेला.

परगावच्या बाजारकऱ्यांकडून बातमी फुटली आणि तिसऱ्या दिवशी फौजदार आला. चावडीपुढं एकेकाला विचारत तो नागप्पापाशी थांबला.

"म्या काय पाहिलं न्हाय, साहेब."

तेव्हा मल्लिकार्जुनची बायको इरम्मा पुढं आली. "म्या पाहिलं. हणमंतप्पानं मारलं. बायकांना कुणी बेल उचलायला लावला न्हवता."

हणमंतप्पा हसला. "दुःखानं डोकं फिरलंय तिचं."

फौजदारानं नागप्पाकडं पाहिलं. "सून खरं बोलते का?"

एक 'व्हय' पुरेसा होता. नागप्पा जमिनीकडं बघत राहिला. फौजदारानं कागद मिटला आणि घोड्यावर बसला. देवाची शपथ पाळली म्हणे. देवानं ती मागितली होती का, हे त्याला कुणी विचारलं नाही.

घरात कुणी गेलं तरी लिंगपूजा चुकवायची नाही, ही नागप्पाच्या लिंगायत घराची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नागप्पा पूजेला बसला. रोजच्यासारखं इरम्मानं ताट पुढं ठेवलं. पाणी होतं, विभूती होती.

"बेल न्हाय आणला, इरम्मा?"

"तुमी एकदा उचललाय की, मामा. तोच पुरवा जल्मभर."