पणजोबांचा हुकूम

खोटं न बोलता वकिली करणारा जगात एकच माणूस झाला आणि तो उज्जैनच्या माधवनगरात राहत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. आमचे वकीलसाहेब स्वतः कधीही खोटं बोलले नाहीत. ते काम त्यांनी इतरांवर सोपवलेलं असे. पक्षकारांवर, साक्षीदारांवर आणि एकदाच, पण कायमचं लक्षात राहील असं, मुनशीवर. मुनशी म्हणजे मी.

माझं शिक्षण मराठी पाचवी. वडील गेले, शाळा सुटली, आणि पुढे लग्न झाल्यावर कोणाच्या तरी चिठ्ठीवर संगमेश्वरहून मी थेट उज्जैनला येऊन पडलो. वकीलसाहेबही मूळचे आमच्याच कोकणातले, माझ्या आधी दहा वर्षं आलेले. त्यांनी सर्टिफिकेट मागितलं नाही. ‘‘मोडी वाचता येते?’’ एवढंच विचारलं. येते म्हटलं. ‘‘मग बसा.’’ त्या एका ‘बसा’वर माझा संसार उभा राहिला. जुन्या दप्तरातला मोडी कागद आला की ते तो न बघताच माझ्यापुढे सरकवत. स्वतःला मोडी येत नाही असं ते कधी म्हणाल्याचं मात्र मला आठवत नाही. त्यांच्या न बोलण्याकडेही लक्ष द्यावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांना उलटतपासणीचं व्यसन होतं. फ्रीगंजात भाजी घ्यायला गेले तरी, ‘‘ये भिंडी कोवळी है ऐसा आपका म्हणणा है? तोडते बखत आप खुद हाजिर थी?’’ भाजीवाली कंबरेवर हात ठेवून म्हणे, ‘‘वकील साब, भिंडी है, खून नी है. लेनी हो तो लो.’’ घरी आमटी अळणी झाली की ते रीतसर तक्रार मांडत, आणि वहिनी आतूनच सांगत, ‘‘पुढची तारीख घ्या.’’ त्यांचं हिंदी ऐकून न्यायाधीश हसू दाबत आणि हसू दाबता दाबता निकाल यांच्या बाजूने देऊन बसत.

मग स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली, मध्यभारत झाला आणि भिंडीवालीलासुद्धा मत मिळालं. पहिल्या निवडणुकीत वकीलसाहेब उभे राहिले. समोर एक सेठ. त्यांच्याकडे मुद्दा एकच होता, पण तो गल्लीगल्लीत चालला. ‘‘वकील साब तो मेहमान हैं, भिया! मेहमान को थाली देते हैं, घर की चाबी थोड़ी देते हैं!’’

साहेबांना हे लागलं. एक दिवस कचेरीत म्हणाले, ‘‘मुनशी, निवडून आलो तर ठीक. पडलो तर बिऱ्हाड आवरून कोकणात. वीस वर्षांनंतरही पाहुणेच असू, तर पाहुण्याने उठावं हे बरं.’’ ते खोटं बोलत नसत, म्हणजे हे खरंच होणार. पाचवी शिकलेल्या माणसाला या परमुलखात दुसरं कोण ‘बसा’ म्हणणार होतं? पोरं लहान. त्या रात्रीपासून मला जेवण जाईना.

शेवटच्या सभेला साहेबांनी रामघाटावरच्या आपल्या पंडाजींना व्यासपीठावर आणून बसवलं. त्यांच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेली वही. यात्रेकरू आला की आपलं नाव, गाव, कुळ पंड्याच्या वहीत लिहून जातो. पिढ्यान् पिढ्या तशा नोंदी चालतात. साहेब उभे राहिले. ‘‘मेरे पणजोबा, याने दादाजी के पिताजी, यहाँ आकर लिख के गए हैं. वो लिखावट मेरा मुनशी पढ़ेगा. मैं पढ़ूँगा तो आप बोलेंगे, अपने मतलब का पढ़ा.’’

पंडाजींनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. ‘‘लो मुनशीजी, तुम्हारे ही देस की लिखावट है.’’ सुरेख, वळणदार मोडी. लिहिलं होतं : ‘क्षेत्री सहकुटुंब आलो. स्नानदान जाहले. पंड्याने फार पिडिले. पाणी बाधले. वंशजांनी पुन्हा या क्षेत्री येऊ नये.’

साहेब शांतपणे आभाळाकडे बघत होते. समोर सारं फ्रीगंज. मी वाचलं, ‘‘स्नानदान जाहले. पंडाजींनी फार सांभाळिले. पाणी अमृत. वंशजांनी पुन्हा पुन्हा या क्षेत्री यावे, येथील लोकांची सेवा करावी.’’ मग हिंदीतून सांगितलं. पंडाजींच्या डोळ्यांना धार लागली. सेठच्या बाजूचे एक मास्तर तपासायला वर आले, चष्मा पुसला, पान न्याहाळलं, आणि एवढ्या लोकांत ‘येत नाही’ म्हणायची लाज वाटून म्हणाले, ‘‘बराबर लिखा है.’’

परतताना टांग्यात साहेब एवढंच बोलले, ‘‘पणजोबा स्वभावाने फार तिरसट होते असं ऐकलं होतं. बरं झालं, गैरसमज दूर झाला.’’

ते निवडून आले, पुढेही येत राहिले. मंत्री कधी झाले नाहीत. पण मंत्री त्यांना विचारल्याशिवाय शिंकत नसत. नवा मध्यप्रदेश होऊन राजधानी भोपाळला गेली, तेव्हा कमी शिकलेल्या जुन्या कारकुनांना काढायचं घाटत होतं. यांनी विधानसभेत नियमाची अशी उलटतपासणी घेतली की नियमानेच माघार घेतली. तोवर त्यांनी मला सरकारी कचेरीत चिकटवलेलं होतं. त्या कारकुनांत मीही होतो, हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही.

साहेब गेले तेव्हा त्यांचा मुलगा पुण्याहून आला. अस्थी क्षिप्रेत सोडून आम्ही पंडाजींकडे नोंद करायला बसलो. पंडाजी आता थकलेले, नजर गेलेली. पणजोबांच्या नोंदीखाली आणखी काही लिहिलेलं दिसलं. अक्षर साहेबांचं, लिपी मोडी : ‘पणजोबांचा हुकूम सभेच्या आदले दिवशी येथे बसून वाचला. मुनशीने तो भर सभेत रद्द केला. अपील करणार नाही. येथेच राहिलो.’

‘‘काका, बाबांनी काय लिहिलंय?’’ मुलाने विचारलं. त्याला मी जसंच्या तसं वाचून दाखवलं, थांबत थांबत. पंडाजींनी कान पुढे केला. ‘‘हमारे लिए भी कुछ लिखा है क्या, मुनशीजी?’’

‘‘लिखा है,’’ मी म्हणालो, ‘‘पंडाजी ने बहुत सँभाला.’’

ते समाधानाने हसले आणि दौत माझ्याकडे सरकवली. साहेबांची नोंद मीच लिहिली. लिहिणाऱ्यानेही खाली आपलं नाव आणि आपण जिथून आलो ते गाव लिहायचं, अशी रीत आहे. नाव लिहिलं. गावापाशी टाक बराच वेळ थांबला. मग मी लिहिलं : उज्जैन.