प्रॉक्सीतून काही कळत नाही

परळच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. बोलणं मऊ, वाक्यागणिक "काळजी नको". बायकांना ताई, पुरुषांना दादा म्हणत ते स्वतःच्या रुमालाने आमचे कीबोर्ड पुसतात.

माझ्या शेजारच्या कदमबाई दुसरी नोकरी शोधत होत्या. त्यांनी एकदा या गृहस्थांना हळूच विचारलं, "प्रॉक्सीवरून, म्हणजे मधे दुसरा कॉम्प्युटर आड घालून, नोकरीची साइट बघितली तर साहेबांना कळतं का हो?"

"नाही ताई, काळजी नको. मीच लावून देतो."

त्यांनी लावूनही दिलं. पंधरा दिवसांनी साहेबांनी बाईंपुढे त्यांच्याच स्क्रीनचे प्रिंटआउट ठेवले आणि राजीनामा लिहून घेतला.

मी त्या गृहस्थांना जिन्यात गाठलं. "तुम्ही तर कळत नाही म्हणाला होतात."

"मशीन ऑफिसचं आहे दादा. आतलं सॉफ्टवेअर स्क्रीनच टिपतं, तिथे प्रॉक्सी काय करणार? पण कोणी विचारलं तर कळत नाही म्हणायचं आणि त्याचं नाव कळवायचं, असं साहेबांनी सांगून ठेवलंय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत."

मी जागेवर येऊन बसलो. बाई सामान घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांना गेटपर्यंत सोडायलाही मी उठलो नाही.