मागच्या दाराचा फोटो

आल्टिना नेदरलँड्समधल्या विन्स्खोतेन गावच्या वृद्धनिवासात लागली ती लादी पुसायला. त्या लादीचा रंग कोणता असावा हे पुढे तीच ठरवू लागली. ती हे कुठे शिकायला गेली नव्हती. जेवणघराच्या उंबऱ्याशी एक काळी पट्टी होती. म्हातारी माणसं तिथे थबकतात, पाय नको तितका उंच उचलतात आणि पडतात, हे तिला पुसता पुसता दिसलं. त्यांना तिथे खड्डा दिसत होता. व्यवस्थापकांच्या दोन वर्षं मागे लागून तिने ती पट्टी उखडायला लावली. मग संडासांची दारं पिवळी झाली, पांढरे बटाटे नजरेत यावेत म्हणून ताटल्या लाल झाल्या, आणि पॅसेजच्या टोकाला भिंतीऐवजी बाक आणि खिडकी आली.

तिचा नवरा एप्पो घरं तापवणारे बॉयलर दुरुस्त करायचा. तिची तो टर उडवायचा. "ताटली लाल केली म्हणून बटाट्याचं मटण होणारेय का गं?"

पंचाहत्तराव्या वर्षी तोच लाल ताटलीत जेवू लागला. आधी तो हत्यारांची नावं विसरला, मग एकदा भर दुपारी स्वतःच्याच गल्लीत हरवला. त्याला सहा नंबरची खोली मिळाली. निवासाची एक अट होती. जेवणघरातून आपल्या खोलीपर्यंत माणसाला एकट्याने जाता आलं पाहिजे. सहा आठवड्यांत जमलं नाही तर रवानगी ग्रोनिंगेन शहरातल्या निवासात, कुलूपबंद विभागात.

आल्टिनाला त्याची फारशी काळजी वाटली नाही. प्रत्येक खोलीच्या दारावर त्या माणसाच्या जुन्या घराच्या दाराचा पूर्ण उंचीचा फोटो चिकटवायची पद्धत तिनेच इथे आणली होती. नंबर विसरतो, पण दार माणूस विसरत नाही, असं ती नव्या कर्मचाऱ्यांना सांगायची. एप्पोच्या खोलीवर तिने त्यांच्या घराचं निळं दार लावलं. एप्पो त्याच्यासमोरून रोज सरळ पुढे जायचा.

"बाई, बाकीचेही चुकतात," मुख्य परिचारक वूब्बो म्हणाला. "शहरातल्या निवासात हे फोटो चालतात म्हणे. आमच्याच म्हाताऱ्यांना काय धाड भरलीय?"

आल्टिनाने कपाळावर हात मारला. या खेड्यांमध्ये पुढच्या दाराने कोण येतं? पाद्री येतो, डॉक्टर येतो आणि शवपेटी बाहेर पडते. घरचा माणूस आयुष्यभर मागच्या दाराने ये-जा करतो. ती स्वतः याच मातीतली, आणि चूक केली ती शहरातल्या बाईसारखी. आठवडाभर सायकलवर फिरून तिने चौदा मागच्या दारांचे फोटो काढले. ते लागले आणि म्हातारे आपापल्या दारापाशी बूट काढू लागले.

एप्पोने मात्र आपल्या मागच्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो नऊ नंबरपाशी थांबला. तिथे फेना बूलेन्सच्या घराचं हिरवं दार होतं. त्याने पाय पुसले, उजवा हात वर केला आणि चौकटीच्या वरून बोटं फिरवायला लागला.

फेनाची मुलगी रीका आईला भेटून बाहेर पडत होती. "काय शोधताय, एप्पोकाका?"

"किल्ली. कोणी हलवली?"

रीका हसली. "अगंबाई! तिथेच असायची हो आमची किल्ली. आईने सक्त ताकीद दिली होती, कोणाला सांगायचं नाही म्हणून." मागे मापाची टेप घेऊन आल्टिना उभी आहे हे तेव्हा तिला दिसलं. "काका बॉयलरच्या कामाला आले असतील कधीतरी."

"तुमच्याकडे बॉयलर होता?"

"कोळशाची शेगडी होती," रीका म्हणाली.

आतून फेनाचा आवाज आला. तिचे गुडघे गेले होते, डोकं शाबूत होतं. "एप्पो, आज गुरुवार नाही. जा बघू."

एप्पो गावच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि सराव गुरुवारी असतो असं सांगून घरातून निघायचा. शनिवारी बाजारात आल्टिनाने बँडच्या जुन्या प्रमुखाला गाठलं आणि सराव कोणत्या वारी होत असे ते विचारलं. मंगळवारी, तो म्हणाला, पहिल्यापासून मंगळवारीच.

सहा आठवड्यांतले नऊ दिवस उरले होते. सोमवारी ती फेनाच्या खोलीत गेली. बसली नाही.

"तुझ्या दाराचा फोटो मला हवाय."

"फाडून टाक. मी कुठे सांगितला होता लावायला?"

"फाडायचा नाही. सहा नंबरवर लावायचाय."

फेनाने चष्मा काढला. "मला वाटलं होतं, तू त्याला ग्रोनिंगेनला धाडशील. मी असते तर धाडला असता."

"मी बघून आलेय तिथे. लादी काळी आहे."

फेना चष्म्याच्या काचा पुसू लागली. मग आल्टिना म्हणाली, "बँडचा शर्ट मी इस्त्री करून द्यायचे. दर गुरुवारी."

"ठाऊक आहे. चुरगळू नये म्हणून मी खुंटीला लावायचे."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

आल्टिनाने हेअर ड्रायरची ऊब देत हिरवं दार कडेपासून सोलून काढलं. तिचा हात या कामात बसलेला होता, एकही बुडबुडा न येता ते तिने सहा नंबरवर चढवलं. स्वतःच्या मागच्या दाराची तिने गुंडाळी केली आणि कोठारात नेऊन ठेवली.

चाचणीच्या दिवशी वूब्बो वही घेऊन दहा पावलं मागे चालत होता. एप्पो जेवणघरातून निघाला, वाटेत कुठेही न थांबता हिरव्या दाराशी आला, पाय पुसले, चौकटीवर हात फिरवला. तेवढ्यात त्याच्याच अंगाच्या रेट्याने दार ढकललं गेलं आणि तो आत गेला. दुपारीही तसंच झालं. वूब्बोने सही केली. "अभिनंदन, बाई! नवरा तुमच्याच गावात राहिला!" पॅसेजमधून तो ओरडला.

आल्टिना आत खुर्चीवर बसली होती, समोर कॉफीचे दोन कप घेऊन. तिला बघताच एप्पोचा चेहरा पांढरा पडला. कित्येक महिन्यांत त्याने तिला इतकं झटकन ओळखलं नव्हतं.

"तू? इथे? मी... मी निघतच होतो घरी."

"बस. कॉफी घे."

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिला चालेल?"

"चालेल," आल्टिना म्हणाली. "मी विचारलंय तिला."

मग तो टोपी मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला.