विश्रांतीचा रकाना

एक पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचं पाऊल पोटरीला टेकवलेलं, खांद्यावर पांढरा फडका आणि नजर समोरच्या टेबलावर. नांदुऱ्यातल्या आमच्या हॉटेलात जेवून गेलेल्यांपैकी कोणाला काका आठवत असतील, तर असेच आठवतील. थोड्या वेळाने ते पाय बदलायचे. गिऱ्हाईक हसून म्हणायचं, "काका, तळ्यात मासे पाहून राह्यले का?" तेही हसायचे आणि वरण वाढायचे.

आपण हॉटेलात जातो तेव्हा ताटाकडे पाहतो. फार तर वाढणाऱ्याच्या हाताकडे. त्याच्या पायांकडे कोण पाहतं? मी त्या हॉटेलचा मॅनेजर होतो, सकाळपासून त्यांच्यासोबत असायचो, तरी मीही पाहिलं नव्हतं.

त्यांचं नाव रजिस्टरात होतं. तोंडात मात्र सगळ्यांच्या काकाच. बरीच वर्षं ते तमिळनाडूत होते, एका मारवाड्याच्या थाळीच्या हॉटेलात. तिकडची भाषा त्यांना कामापुरती यायची. भात, पाणी, अजून, पुरे, एवढे शब्द आले की वाढप्याचं भागतं, असं ते म्हणत. म्हातारी आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी परतले आणि आमच्याकडे लागले. मी त्यांना पहिल्या दिवशी कामाची वेळ सांगितली, सुट्टीचा वार सांगितला. सगळं ऐकून त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "आपल्या माणसाईले टेकाले कुठी हाये भाऊ?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं, की तिकडे सरकारने कायदाच केला आहे. दुकानात, हॉटेलात उभं राहून काम करणाऱ्याला बसायला जागा द्यायची. काम नसेल तेव्हा त्याने बसायचं. "मालकानं चार स्टूल आणून ठेवले. आम्ही बसत होतो. कोनी काई म्हने नाई."

मी दुकान-आस्थापनांचे नियम जरा चाळले होते. परवान्याची कामं माझ्याकडेच असायची. म्हणून ऐटीत म्हणालो, "काका, तो तिकडचा कायदा. आपल्या महाराष्ट्रात तसं नाही. आपल्याकडे सलग पाच तास काम झालं की अर्धा तास विश्रांती."

"भेटते का मंग?"

मी रजिस्टर उघडण्यात गुंतलो.

"कायदा राज्याराज्याचा येगळा राह्यते भाऊ," ते म्हणाले. "पाय तं सारखेच."

पुढे हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की पोळ्या करणारी ताई पीठ मळता मळता त्यांच्याआधीच ते पुरं करायची.

आता शेठजींबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना दुष्ट समजाल. ते तसे नव्हते. हॉटेल त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. वडिलांचा नेम असा, की सकाळी दारात पाणी शिंपडल्यापासून पहिलं गिऱ्हाईक जेवून उठेपर्यंत हॉटेलातल्या कोणीही बूड टेकायचं नाही. लक्ष्मी यायच्या वेळी घरचं माणूस बसलेलं दिसू नये म्हणून. वडील गेले आणि मुलाने तो नेम पहिल्या गिऱ्हाइकावरून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत लांबवला. पण स्वतःही पाळला. गल्ल्यावर ते उभेच असत. गुडघे गेले होते, सकाळ-संध्याकाळ तेल चोळावं लागायचं, तरी उभेच. अशा माणसाकडे स्टूल कोण मागणार?

आणि माझं रजिस्टर. हजेरीच्या शेजारी विश्रांतीचा रकाना होता, पुढे सहीची जागा. दर महिन्याच्या एक तारखेला मी सकाळीच, दारात पाणी पडायच्या आधी बसून, सगळ्या माणसांच्या नावापुढे त्या अख्ख्या महिन्याची विश्रांती आगाऊच भरून टाकायचो. अर्धा तास, अर्धा तास, खाली तीच खूण. मला हे माझ्या आधीच्या मॅनेजरने शिकवलं होतं, आणि हाताशी काम उरू नये ही चांगली सवयच वाटायची. माणसं सवडीने येऊन सह्या करून जायची. विचारायचं कोणी नाही.

काकांनी पहिल्याच महिन्यात पेन परत दिलं. "बसलोच नाई तं सही काय्ची?"

"काका, नुसता नियम आहे. कागदावर लागतो."

"मले मालूम हाये. पन मी आंगठा लावनारा मानूस होतो भाऊ. तिकडं गेल्यावर, मोठेपनी सही शिकलो. लय मेहनतीनं शिकलो. ते अशी वाया नाई घालत."

राग त्यात नव्हता. नंतर त्यांनी मला चहा आणून दिला. दर महिन्याला मी रजिस्टर पुढे करायचो, ते मान हलवायचे आणि चहा आणून द्यायचे. त्यांच्या नावापुढची जागा कोरी राहत गेली.

ताईला सातवा महिना लागला, तेव्हा काकांनी घरून एक स्टूल आणलं. जुन्या पाटाला पाय ठोकून त्यांनीच केलेलं. एक पाय आखूड होता, त्याखाली खापराचा तुकडा. भट्टीशेजारी ठेवून म्हणाले, "पोरी, तवा तापेपर्यंत टेक." ती आधी घाबरली. मग टेकली. दुपारी शेठजी आत आले, स्टूल पाहिलं, आणि स्वतः उचलून मागच्या दारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी ते पुन्हा आत आणलं. शेठजींनी पुन्हा बाहेर ठेवलं. आठ-दहा दिवस त्या स्टुलाची अशी ये-जा चालली. दोघेही एकमेकांना एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला गंमत वाटायची. आज वाटत नाही.

त्याच सुमारास कामगार खात्याचे एक साहेब तपासणीला आले. शांत माणूस. चहासुद्धा घेतला नाही. रजिस्टर मागितलं आणि पानं उलटता उलटता त्यांचं बोट काकांच्या ओळीवर थांबलं.

"यांच्या सह्या नाहीत. का?"

बी. ए. होऊन तीन वर्षं मी घरी बसलो होतो. ही नोकरी शेठजींशी घरची ओळख होती म्हणून मिळालेली, आणि अक्षर सगळं माझं. शेठजी माझ्याकडे पाहत होते, मी रजिस्टरकडे.

काका पुढे आले. "चष्मा नव्हता साहेब. राहून गेलं."

"विश्रांती मिळते तुम्हाला? अर्धा तास?"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "हाव. भेटते."

मग पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या चौकटीत सही केली. त्यांना सही करताना मी तेव्हा प्रथमच पाहिलं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत, शेवटी रेघ. साहेबांनी मागच्या कोऱ्या जागांबद्दल तोंडी ताकीद दिली आणि ते गेले.

दुपारी काका माझ्याजवळ आले. "आज तुह्यासाठी खोटं बोललो भाऊ. आता ते खरं करजो."

"करतो काका. पुढच्या एक तारखेपासून."

"खरं झालं का सही करीन."

मी शब्द दिला होता, आणि मी तो पाळला नाही. शेठजींकडे गेलो, हे खरं. ते म्हणाले, लग्नसराई होऊ दे. लग्नसराई झाली. मग म्हणाले, दिवाळीनंतर माणूस वाढवू, पाळ्या लावू. मी पुन्हा विचारलं नाही. एवढंच झालं, की ताईचं स्टूल आत राहिलं. हॉलमधून दिसत नव्हतं म्हणून. ती बाळंतपणाला माहेरी, उंद्रीला गेली आणि तिकडे तिला मुलगी झाली. माहेरी जाताना ती काकांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "राहू दे, दुखते."

तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या आणि डाव्या घोट्याशी फडक्याची पट्टी होती. जखम कधीची, विचारलं तर म्हणाले, बूट लागला. त्यांना साखर होती. त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती. साखरवाल्याच्या हातचं गिऱ्हाईक खाईल का, अशी त्यांची वेडी समजूत. मी त्यांना दवाखान्यात जायला सांगितलं. घरी जा, आठ दिवस बसा, असं सांगितलं नाही. लग्नाच्या तिथी होत्या आणि वाढायला माणूस नव्हता. मॅनेजर होतो मी.

एका दुपारी पंगत उठली आणि ते हॉलच्या मधोमध खाली बसले. त्या हॉलमध्ये त्यांना बसलेलं पाहण्याची ती पहिली वेळ. अंगात ताप होता. शेठजी गल्ला सोडून लंगडत आले, त्यांनी स्वतःच्या हाताने ती पट्टी सोडली आणि तोंड फिरवलं. त्यांच्याच गाडीतून आम्ही काकांना अकोल्याला नेलं. दोन दिवसांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

मी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला पाहून म्हणाले, "काऊन रडतं बे? आता कोन्त्याच राज्यात उभं नाई राहा लागत." आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगू लागले, की हा आमचा मॅनेजर, याचं अक्षर लय सुंदर हाये.

पाय कापल्याची जखमही पुढे भरली नाही. पुढचा उन्हाळा लागायच्या आत काका गेले.

शेठजींनी आता हॉलमध्ये भिंतीलगत तीन स्टुलं ठेवली आहेत. एक माणूस वाढवला आहे. आपल्या कायद्यात स्टुलाचा शब्द मला अजून सापडलेला नाही, पण कोणी विचारलं तर शेठजी सांगतात, आपल्या हॉटेलचा हाये कायदा. विश्रांतीची वेळ आता मी माणूस बसून उठल्यावरच लिहितो.

जुनं रजिस्टर कपाटात आहे. ते मला फेकवत नाही. काका ज्या महिन्यात हॉलमध्ये खाली बसले, तो महिनाही मी नेहमीसारखा एक तारखेलाच भरून ठेवला होता. अकोल्यात त्यांचा पाय काढला त्या दिवशीच्या रकान्यात, त्यांच्या नावापुढे, माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे: विश्रांती, अर्धा तास. पुढे सहीची जागा कोरी आहे.