जुने तेल

मुंबईत बी.एस्सी.च्या वर्गात एकदा आमच्या प्रोफेसरांनी विचारले, किनाऱ्याकडचे कोण कोण आहे. मी हात वर केला. खरे म्हणजे माझे गाव किनाऱ्यावर नाही. म्हसळ्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी भातशेतीचे गाव, तिथून श्रीवर्धनचा समुद्र चार तासांच्या चालीवर. पण वर्गात मला सहसा कोणी काही विचारत नसे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारले की उत्तर द्यायचेच, अशी माझी समजूत होती.

प्रोफेसर त्या दिवसांत माशाच्या काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, तेलावर काम करीत होते. विलायतेहून कॉड माशाचे तेल बाटल्यांतून येई आणि डॉक्टर ते अशक्त माणसांना देत. त्या तेलात डोळ्यांना लागणारे काहीतरी असते इतके तोवर कळले होते. ते नेमके काय, याचा शोध जगात ठिकठिकाणी चालला होता. आपल्या समुद्रातल्या मुशी माशाच्या काळजात ते आहे का, हा आमच्या प्रोफेसरांचा प्रश्न. मुशीचे तेल कोळी लोक काढतातच, पण ते होडीच्या लाकडाला फासायला. दिवाळीला घरी जाल तेव्हा एक बाटली घेऊन या, असे त्यांनी मला सांगितले.

मला मात्र दोन बाटल्या हव्या होत्या. दुसरी वहिनीसाठी.

आदल्या वर्षी वहिनी पोटुशी असताना तिला तिन्हीसांजेनंतर दिसेनासे झाले होते. दिवसा सगळे ठीक, दिवेलागण झाली की भिंतीला हात लावून चालायची. बायका म्हणत, पोटुशीला होते असे, बाळंत झाली की जाते. एका संध्याकाळी गोठ्याच्या पायरीवर तिचा पाय चुकला, ती पडली आणि मूल गेले. आता पुन्हा पाचवा महिना होता, आणि आईने गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेल्या पत्रात शेवटी एकच ओळ होती: सूनबाईला परत तसेच होऊ लागले आहे.

दिवाळीत घरी पोचलो आणि चूल पेटायच्या आधीच दादाला सगळे समजावून सांगू लागलो. हा आजार अन्नातल्या एका उणिवेने होतो, ती उणीव काळजाच्या तेलाने भरून निघते, उंदरांवर प्रयोग झाले आहेत. मी फार बोललो. इतके खात्रीने बोलण्याइतके मला ठाऊक नव्हते. दादाने विडी विझवली आणि म्हणाला, "तुझ्या पुस्तकात हाय ना लिवलेलं? मग आण."

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला चालत गेलो. कोळीवाड्याच्या टोकाला एक म्हातारी कोळीण तेलाची मडकी राखून बसली होती. मुशीची काळजे मडक्यात घालून ती उन्हात ठेवायची, सडून तेल वर तरंगले की काढायचे, मग कढवायचे, अशी तिची रीत. वास इतका की मला बोलताना तोंड वळवावे लागत होते. तिने विचारले, होडी केवढी आहे. मी म्हणालो, होडी नाही, मुंबईला न्यायचे आहे, तपासायला. मुंबईला होड्या नाहीत काय, असे म्हणून ती हसली. वहिनीचे दुखणे परक्या बाईला सांगायची मला लाज वाटली. मी ते सांगितले नाही.

आणि मग मी विचारले, "आजी, जुनं आहे का? असेल त्यातलं जुन्यात जुनं द्या."

आमच्या घरात आजाऱ्याला पेज द्यायची ती जुन्या तांदळाची. माळ्यावर मातीच्या बुधल्यात दहा वर्षांचे तूप असे, ते पोरांच्या छातीला लावायचे. गूळ जुना, मध जुना. औषध म्हटले की माझ्या तोंडून जुने हाच शब्द आला, आणि तो चुकीचा आहे असे मनात सुद्धा आले नाही. म्हातारीने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग खोपटातून एक मडके आणले. तीन पावसाळे बघितलेले तेल, म्हणाली. काकवीसारखे काळे आणि दाट. दोन बाटल्या भरून घेताना मला फार समाधान वाटले.

वहिनी रोज सकाळी एक चमचा घेऊ लागली. पहिल्या दिवशी ओकली. दुसऱ्या दिवशी आईने मागोमाग आमसुलाची फोड चोखायला दिली, तेव्हा पोटात राहिले. मी तिला सांगितले, बाटली संपेपर्यंत सोडायचे नाही. मी सांगितले म्हणून ती सोडणार नाही, हे मला माहीत होते.

मुंबईला परतल्यावर प्रोफेसरांनी तपासणी माझ्या हातून करवून घेतली. तेलाचे थोडे थेंब क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचे आणि त्यात अँटिमनीचे एक द्रावण घालायचे. डोळ्यांना लागणारे ते द्रव्य असेल तर निळा रंग येतो, आणि लगेच उडायला लागतो, म्हणून डोळा हलवायचा नाही. मी डोळा हलवला नाही. नळीत मातकट पिवळे काहीतरी होते आणि ते तसेच राहिले. पुन्हा केले. प्रोफेसरांनी स्वतः एकदा केले. नंतर विलायती बाटलीतला थेंब घेऊन दाखवला, तर नळी शाईसारखी निळी झाली.

ते वही उघडून म्हणाले, आपल्या मुशीत काही दिसत नाही. रागावले नव्हते. वर्षभराच्या कामाचा एक भाग मिटल्यासारखा त्यांचा आवाज थकलेला होता. मी तिथेच उभा होतो. माझ्या डोळ्यांपुढे सकाळची वहिनी होती, चमचा तोंडाजवळ नेऊन श्वास रोखणारी. आणि तेव्हा मला माझ्याच वहीतले एक वाक्य आठवले, त्यांनीच जूनमध्ये सांगितलेले: हवा, ऊन आणि फार आच यांनी हे द्रव्य नष्ट होते. ते मी सुवाच्य अक्षरात उतरवले होते. परीक्षेला विचारले असते तर बरोबर लिहिले असते.

"सर," मी म्हणालो, "ते तेल तीन वर्षांचं होतं. मी मागून घेतलं."

त्यांनी पेन खाली ठेवले. "जुनं? का?"

 मी म्हणालो, आमच्याकडे औषध जुने असते. ते हसतील असे वाटले होते, हसले नाहीत. वहीतली ओळ त्यांनी खोडली आणि मला तपकिरी काचेच्या दोन बाटल्या दिल्या. काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, काळ्या कागदात गुंडाळा.

नाताळच्या सुटीत पुन्हा निघालो. श्रीवर्धनला बोट दूर उभी राहिली, होडीतून उतरताना कमरेपर्यंत भिजलो, आणि तसाच कोळीवाड्यात गेलो. चार महिन्यांवर परीक्षा होती, अभ्यास झालेला नव्हता, आणि त्या वाळूतून चालताना पहिल्यांदा वाटले की कॉलेजात गेलोच नसतो तर निदान कोणी माझे ऐकून काही प्यायले नसते.

म्हातारी तिथेच होती. या वेळी मी सगळे एका दमात सांगितले. पोटुशी बाई आहे, संध्याकाळी दिसत नाही, आधीचे मूल गेले, पोटात घ्यायला तेल हवे, ताजे.

तिने हातातले मडके खाली ठेवले. मग म्हणाली, "आन तवा का न्हाय बोललास? जीभ मुंबईला ठेवून आलतास काय?"

"चुकलो, आजी."

"होडीचं तेल पाजलंस बाईला. जुनं लाकडाला लागतं रं, मानसाला न्हाय. आमी बाळंतिणीला ताजं काळीज घालतो, त्याच दिसाचं."

मग ती उठली, होड्या येईपर्यंत थांब म्हणाली. दुपारी आलेल्या मुशींची काळजे तिने स्वच्छ मडक्यात घातली आणि ते मडके उकळत्या पाण्यात ठेवले. तेल फिके पिवळे निघाले, जवळजवळ पाण्यासारखे. वास होता, पण माणसाला सोसेल इतका.

घरी गेलो तर वहिनीने आधी मला जुनी बाटली दाखवली. रिकामी, धुऊन पालथी घातलेली. "संपली, भावजी. आता दिसंल म्हणून रोज बघते," ती म्हणाली. मी दादासमोर सांगितले की त्या तेलात काही नव्हते. चूक कोळ्यांची नाही, माझी.  दादा उठून अंगणात गेला आणि उगाच लाकडे रचत बसला.

वहिनीने नवी बाटली हातात घेऊन वास घेतला. "ह्ये कमी वाईट हाय," ती म्हणाली. "किती चमचे?"

एवढेच. तिने मला आणखी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

मुंबईत ताज्या तेलाच्या दुसऱ्या बाटलीची नळी निळी झाली. प्रोफेसरांनी घड्याळ लावून रंग पाहिला, वहीत लिहिले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढे त्यांनी दुसऱ्या बंदरांवरूनही ताजे तेल मागवले. मला आनंद व्हायला हवा होता. मी नळ्या धुऊन खोलीवर गेलो आणि संध्याकाळीच झोपलो.

फाल्गुनात पत्र आले: मुलगी झाली, दोघी सुखरूप. डोळ्यांबद्दल अक्षर नव्हते. मास्तरांना उघड सांगायची गोष्ट नव्हती ती.

वैशाखात घरी गेलो. संध्याकाळी वहिनी ओसरीवर पोरीला मांडीवर घेऊन पातळ फडक्याने पुसत होती, अंधार पडत आलेला, आणि तिचे हात कुठे अडखळत नव्हते. मी विचारले, दिसायला कधी लागले? बाळंतपणाच्या आधी की नंतर? मला ते हवे होते. आधी असेल तर तेलाने, नंतर असेल तर बायका म्हणत होत्या तसे आपोआप. प्रोफेसरांनीही मी निघताना एवढेच विचारून यायला सांगितले होते.

वहिनीने आठवून पाहिले. खरोखर आठवायचा प्रयत्न केला, माझ्यासाठी.

"आता काय सांगू, भावजी," ती म्हणाली. "एक दिवस दिसलं. तवा ही रडत व्हती का पोटात व्हती, तेच ध्यानात न्हाय."

जूनमध्ये मी प्रोफेसरांना तसेच सांगितले. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिले: रुग्ण बरा, कारण सांगता येत नाही.