चावली नव्हे, चावला

कुत्रा घ्यायचा की नाही, हे मी मनाच्या लहरीवर सोडलं नव्हतं. त्यासाठी तक्ता केला होता. अकरा प्रश्न, दहांना शून्य ते पाच गुण. वजन किती, रोज चालवावं किती लागतं, केस किती गळतात, घरात एकटा किती तास राहतो. अकराव्याला गुण नव्हते: कधी लहान मुलाला चावला आहे का? तिथे 'हो' आलं की बाकीचे दहा बाद.

थोरली तेव्हा अकरा वर्षांची, धाकटी सहाची. थोरली दोन वर्षं कुत्रा मागत होती. आधी जबाबदारी घेऊन दाखव, असं मी म्हटल्यावर तिने शेजारच्यांचा म्हातारा लॅब्रेडॉर शाळेआधी फिरवायला घेतला. सहा महिने, पावसातसुद्धा, एकही दिवस चुकवला नाही. मी कॅलेंडरवर खुणा करत होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

मग साउथहॅम्प्टनच्या एका बाईंची जाहिरात दिसली. त्या ज्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या तिथे कुत्र्यांना परवानगी नव्हती, म्हणून तीन वर्षांच्या मिनिएचर डॅशहुंडसाठी घर शोधत होत्या. लांबुडका, आखूड पायांचा, जेमतेम पाच किलोचा. माझ्या तक्त्यात त्याला पन्नासपैकी एक्केचाळीस मिळाले.

"तक्ता कुत्र्याला दाखवलास का?" बायको म्हणाली. "त्याचेही काही प्रश्न असतील."

तिची त्या शनिवारी ड्यूटी होती. मी दोघी मुलींना घेऊन, आम्ही राहतो त्या रीडिंग गावाहून ट्रेनने गेलो.

बाईंनी चहा दिला. थोरली सोफ्यावर हात मांडीवर ठेवून, इंटरव्ह्यूला आल्यासारखी बसली. धाकटी कुत्र्यामागे स्वयंपाकघरात गेली आणि दोन मिनिटांत परत आली.

"बाबा, तो मला चावली."

आमच्याकडे मुलींशी मराठीच बोलायचं आणि चूक झाली की जागच्या जागी दुरुस्त करायची, असा नियम आहे. तो मीच केलेला. त्यामुळे माझ्या तोंडून आधी निघालं ते हे: "चावली नव्हे, चावला."

"चावला," ती शहाण्यासारखी म्हणाली.

मग मला अर्थ लागला. मी तिचा हात पाहिला. मनगटावर बारीक लाल रेघ होती. अकरावा प्रश्न सुटला होता. बाईंना मराठी कळत नव्हतं, आणि त्यांच्याच घरात बसून त्यांच्या कुत्र्यावर आरोप करणं मला जमलं नाही. मी म्हणालो, आमच्या घरात जिना आहे, या कुत्र्याला अवघड जाईल. थोरली रडली नाही. तिने कुत्र्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि कोट घातला. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बसस्टॉपवर धाकटीने विचारलं, आपण एवढ्यात का निघालो?

"तो तुला चावला ना?"

"हो. जिभेने."

थोरली गर्रकन वळली. "बाबा, चाटलं! तिला चाटलं म्हणायचंय."

"आणि ही रेघ?"

"तुझ्या बॅगेची चेन लागली तिला. ट्रेनमध्ये." मग हळू आवाजात म्हणाली, "तू फक्त तिचं जेंडर दुरुस्त केलंस."

आम्ही परत गेलो. दारातच मी बाईंना सगळं सांगितलं: मुलीचा शब्द, माझी घाई, आणि जिना ही सबब होती हेही.

"पण जिना आहे ना?" त्यांनी विचारलं. "किती पायऱ्यांचा?"

तेरा, मी म्हणालो. कार्पेट घालताना मोजल्या होत्या.

मग त्यांनी मला बसवलं आणि समजावलं. या जातीची पाठ लांब असते. जिन्यावरची धावपळ, सोफ्यावरून उड्या, मुलांनी पुढच्या पायांना धरून उचलणं, यात तिच्या मणक्याला इजा होते. त्यांना चावण्याची काळजी नव्हती, उचलण्याची होती. माझी सबबच खरा मुद्दा निघाली. माझे अकराही प्रश्न कुत्रा आमचं काय करील याचे होते. मुली त्याचं काय करतील, हा एकही नव्हता.

बाईंनी दोघींना जमिनीवर बसवलं आणि त्याला कसं उचलायचं ते दाखवलं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ सरळ. थोरलीला पहिल्याच खेपेला जमलं. धाकटीला त्यांनी सांगितलं, तू उचलायचं नाहीस. तू बसायचं, तो येईल. ती मांडी घालून बसली, आणि चांगली सात-आठ मिनिटं हलली नाही. घरी ती जेवायलासुद्धा एवढा वेळ एका जागी बसत नाही. माझा निर्णय तिथेच झाला. जिन्याच्या खाली आणि वर फाटक बसवायला दोन आठवडे मागून घेतले, आणि मग त्याला आणलं.

लहान कुत्रा लहान मुलांसाठी बरा, असं आमच्या ओळखीतले सगळेच म्हणतात. मला ते पटत नाही. नुकतं चालायला लागलेलं मूल घरात असेल, तर डॅशहुंड आणू नये. सांगितल्यावर खाली बसणारं मूल असेल, तर जरूर आणावा.

याला आता दोन वर्षं होतील. थोरली सकाळी त्याला फिरवते. रोज संध्याकाळी त्याला तेरा पायऱ्या मी उचलून नेतो. हे काम कोणत्याच तक्त्यात नव्हतं. धाकटीला 'चाटणे' केव्हाच येतं. तरी शाळेतून आली की ती हॉलमध्येच मांडी घालून बसते, आणि मला ऐकू येईल असं ओरडते, "बाबा, हा बघ मला चावली!"

ते वाक्य मी दुरुस्त करत नाही.